किरकोळ धक्का

“लागलं का रे?” काळुरामनं टांग्यावर बसल्या बसल्याच विचारलं.

जांभळी नाक्याच्या वळणावर माणूस आडवा पडला होता. चाक अंगावरून गेलं नव्हतं. टांग्याच्या दांडीचं टोक खांद्याला लागलं, तो भेलकांडला आणि रस्त्याच्या कडेला रोवलेल्या दगडावर आपटला. डोक्याचं मुंडासं सुटून मातीत पडलं. हातातलं नवंकोरं मडकं मात्र त्यानं पोटाशी घट्ट धरून ठेवलं होतं.

तो उठून बसला. आधी त्यानं मडक्यावर टिचकी मारली, कान लावून ऐकलं, आणि मग हसला.

“मडका फुटला नाय, मंग मी कनचा फुटतंय! जा तू.”

“चल रे, चल,” मागच्या बैठकीवरून त्र्यंबकराव ओरडले. ते कोर्टात कारकून होते आणि त्यांना मुंबईची आगगाडी गाठायची होती. “काही झालेलं नाही त्याला. गाडी चुकली तर साहेब मला उभा सोलेल.”

काळुरामनं लगाम सैल सोडला. वळणापाशी त्यानं एकदा मागं पाहिलं. तो माणूस उभा राहून मुंडासं बांधत होता. रक्त कुठं दिसत नव्हतं. गाडी मिळाली, त्र्यंबकराव गेले, आणि दुपारपर्यंत काळुराम ते सगळं विसरलाही.

ही गोष्ट अठराशे सत्त्याऐंशी सालची. ठाण्यात तेव्हा टांगे मोजके, आणि म्युन्सिपालटीनं टांगेवाल्यांना परवान्याचे पितळी बिल्ले देऊन दोनच वर्षं झाली होती. काळुराम बेचाळिशीचा. आधी बैलगाडी, मग टांगा, अशी वीस वर्षं त्यानं हाकण्यातच काढली होती. तो दारू प्यायचा नाही, घोडीला उगाच चाबूक मारायचा नाही. उथळसरच्या दोन खोल्यांत तो आणि बायको सखुबाई, दोघंच राहायची. मुली लग्न होऊन गेल्या होत्या. सावध हाकणारा म्हणून अड्ड्यावर त्याचं नाव होतं, आणि त्या नावाचा त्याला थोडा अभिमानही होता.

आठव्या दिवशी स्टेशनाबाहेरच्या अड्ड्यावर एक बाई आली. खाडीकाठच्या आगरी बायका नेसतात तसं गुडघ्यापर्यंतचं लुगडं, पायांना मिठागराच्या पाण्यानं पडलेल्या भेगा, कपाळ मोकळं. ती एकेका टांग्यापाशी जाऊन एकच विचारत होती.

“गेल्या बेस्तरवारी जांभली नाक्यावर तुज्या टांग्याचा धक्का कुनाला लागला का रे?”

तिचं नाव तुळसा. गाव बाळकूम. नवरा गोविंदा मिठागरावर कामाला होता. त्या दिवशी तो मडकं घेऊन दुपारी घरी आला. टांग्याचा धक्का लागला, डोकं दुखतंय, असं तिला म्हणाला. संध्याकाळी शेताच्या बांधावरून त्याचं धाकट्या भावाशी, दौलतशी, भांडण झालं. दौलतनं काठी उगारली. शेजाऱ्यांनी मधे पडून दोघांना वेगळं केलं. गोविंदा आत जाऊन पडला तो सकाळी उठलाच नाही. पोलीस पाटलानं प्रेत ठाण्याला पाठवलं. डॉक्टरनं डोकं उघडून सांगितलं, कवटीला तडा आहे, आत रक्त साकळलंय, बोथट वस्तूचा मार. काठी उगारलेली तर सगळ्या गावानं पाहिली होती. दौलतला त्याच दिवशी बेड्या पडल्या.

“काठी लागलीच नाय त्याला,” तुळसा सांगत होती. “मी हुती तिथं. पन माजा कोन ऐकतंय? बोलतान, दिराला वाचवतेय.”

अड्ड्यावरचा सगळ्यात म्हातारा टांगेवाला भिवा. बाईचा प्रश्न कानावर येताच त्यानं सगळ्यांना हळूच बजावलं होतं. “कुणी तोंड उघडायचं नाय. आज एकाचा बिल्ला गेला की उद्या सगळ्यांचे जातील.”

तुळसा काळुरामच्या टांग्यापाशी आली. त्यानं घोडीच्या तोंडाला बांधलेल्या चंदीच्या पिशवीची गाठ उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली.

“नाय बाई,” तो म्हणाला. “मी नव्हे.”

ती पुढच्या टांग्याकडे गेली.

त्या दिवसापासून काळुरामचं जेवण तुटलं. तो स्वतःलाच समजावत राही. माणूस उठला होता, हसला होता, चालत कोसभर लांब गावी गेला होता. धक्क्यानं मरणारा माणूस भांडायला बांधावर जातो का? काठी लागलीच नसेल कशावरून? हे सगळं पटायचंही. मग घोडी त्या वळणावर आली की दगडावर डोकं आपटल्याचा आवाज त्याला आठवायचा. तो त्यानं त्या दिवशी ऐकला होता. कच्चा नारळ जमिनीवर पडावा तसा. ऐकूनच त्यानं विचारलं होतं, लागलं का. आणि ‘नाय’ हे उत्तर त्याला हवं होतं म्हणून चटकन घेतलं होतं.

तुळसा दर बाजाराच्या दिवशी येत राहिली. दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली, आणि काळुराम नाही म्हणत राहिला. चौथ्यांदा आली तेव्हा महिना होत आला होता. बरोबर दौलतची बायको मालन होती. सात महिन्यांची पोटुशी. ती उन्हात भिंतीला टेकून उभी राहिली. काळुरामनं तुळसाला पुन्हा “मी नव्हे” म्हटलं. पण या वेळी ती पुढं गेली नाही. थकल्यासारखी चाकाला हात लावून उभी राहिली.

“मी त्याला बिल्ला घालवायला नाय शोदत रे,” ती म्हणाली. “तो भला मानूस हाय, मना म्हाईत हाय. आमचे घरवाल्यानीच सांगतला मना. बोल्ला, दुसरा आसता तं हाकून गेला आसता. यानी थांबून इचारला, लागलं का. मरायच्या आदल्या दिवशी सांगतला. भल्या मानसाला मी नाय शोदू तं कोनाला शोदू?”

काळुरामनं चाबूक बैठकीवर ठेवला.

“तो मी,” तो म्हणाला.

तुळसा रडली नाही, ओरडली नाही. मग मालनला हाक मारली आणि म्हणाली, “चल.”

“कुठं?”

“चवकीवर.”

बाजारातल्या चौकीत तानाजी हवालदार पान लावत बसला होता. काळुरामनं टोपी काढून सगळं सांगितलं. वार, वेळ, वळण, दगड, मडकं. काही लपवलं नाही.

“मग?” हवालदार म्हणाला.

“नोंद करा, साहेब.”

“कसली नोंद? धक्का लागला, माणूस उठून आपल्या पायांनी घरी गेला. असल्या किरकोळ धक्क्याची नोंद सरकार ठेवत नाही. तसा कायदाच नाही. मेला असता तर ठेवली असती.”

“मेला की तो,” तुळसा म्हणाली.

“तो घरी मेला.” हवालदारानं चुन्याचं बोट पानावर फिरवलं. मग काळुरामला बाजूला घेतलं. “काय दिलं रे यांनी तुला?”

“काय नाय.”

“मग महिनाभर झोपला होतास? लोक काय म्हणतील ते बघ. जा, वकिलाला सांग. मला कशाला सांगतोस?”

दौलतचा वकील सरकारनं दिलेला होता, नवखा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “टांग्यात सवारी होती ना? तो साक्षीला आला तर दौलत सुटेल.”

काळुराम त्याच संध्याकाळी त्र्यंबकरावांच्या घरी गेला. ते ओटीवर बसून पंचांग चाळत होते. त्यांनी त्याला पायरीवर बसायला सांगितलं, पाणी दिलं, शांतपणे ऐकलं.

“काळुराम, अरे, मी आठवड्यातून चारदा तुझ्या टांग्यात बसतो. रोज कोणी ना कोणी आडवं येतं. त्यातलं मला कुठलं आठवणार?”

“साहेब, मडकं होतं हातात. तुम्हीच बोललात, काही झालेलं नाही त्याला.”

“मी म्हणालो असेन. पण आठवत नाही ते शपथेवर कसं सांगू? आणि मी कोर्टातलाच माणूस. उद्या साहेब विचारतील, तुम्ही होता तर एवढे दिवस गप्प का?” पंचांगात बोट घालून त्यांनी ते मिटलं. “तुलाही तेच विचारतील हो. सांभाळून बोल.”

ते खोटं बोलत होते की खरोखरच विसरले होते, हे काळुरामला कधीच कळलं नाही. आपणही त्या दिवशी दुपारपर्यंत विसरलो होतो, एवढं मात्र त्याला आठवलं.

सेशन कोर्टात त्याची साक्ष झाली. पिंजऱ्यात दौलत उभा होता, दाढी वाढलेला, मोठ्या भावासारखाच रुंद खांद्यांचा. सरकारी वकिलाचा आवाज मुळीच चढत नव्हता.

“माणूस पडला, तेव्हा तू खाली उतरलास?”

“नाय.”

“डोकं पाहिलंस?”

“नाय.”

“तो हसला, चालत गेला. बरोबर? त्या दिवशी चौकीवर का गेला नाहीस?”

“तसा कायदा नाय, साहेब.”

“बरं. मग ही बाई तुला येऊन विचारू लागली. किती वेळा विचारलं तिनं?”

“चार वेळा.”

“आणि चारही वेळा तू काय सांगितलंस?”

काळुरामनं तुळसाकडे पाहिलं. “मी नव्हे, असं सांगितलं.”

“म्हणजे तू खोटं बोलतोस हे तूच कबूल करतोस. तेव्हा खोटं बोललास की आज बोलतोयस, एवढंच आता ठरवायचं आहे.”

कोर्टात थोडं हसू झालं. काळुरामला आणखी बोलायचं होतं. दगडाच्या आवाजाचं सांगायचं होतं. पण त्याला खाली उतरायला सांगितलं गेलं.

दौलतला पाच वर्षं सक्तमजुरी झाली. निकालाच्या दिवशी तुळसा आणि मालन कोर्टाच्या पायरीवर बसल्या होत्या. मालनच्या मांडीवर वीस दिवसांचं मूल होतं. काळुराम समोर जाऊन उभा राहिला. शिव्या दे, थोबाडीत मार, असं त्याला म्हणायचं होतं.

तुळसानं पदरानं मुलाच्या तोंडावरच्या माश्या हाकलल्या.

“तू आलास तरी,” ती म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “पयल्या दिशी आला आसतास तं बरा झाला आसता.”

दोघी उठून बाळकुमाच्या वाटेला लागल्या. त्यानं टांग्यातून पोचवतो म्हटलं. त्या थांबल्या नाहीत.

या खटल्याचा गावात थोडा बोलबाला झाला. म्युन्सिपालटीच्या कमिटीपुढं ठराव आला, की टांग्याचा, गाडीचा कुणालाही धक्का लागला, मग तो कितीही किरकोळ असो, हाकणाऱ्यानं त्याच दिवशी चौकीवर वर्दी दिली पाहिजे. टांगेवाल्यांना बोलावून त्यांचं म्हणणं विचारलं गेलं. भिवा सगळ्यांच्या वतीनं उभा राहिला.

“मायबाप, ठाण्याची माणसं रस्त्याच्या मधून चालतात. गुरं, कोंबड्या, पोरं, सगळी मधून. दर धक्क्याला चौकीवर जायचं तर टांगा हाकायचा कधी? आणि चौकीवर गेलं की हवालदाराचा हात आधी आमच्या खिशात जातो. तो कायदा आमच्या पोटावर येईल.”

माना डोलल्या. कुणीतरी म्हणालं, काळुरामला विचारा, त्याच्यामुळंच तर हे सगळं.

काळुराम उठला. “भिवा बोलतो ते खरं हाय,” तो म्हणाला. “खिशाचं बी खरं हाय.” “पण मी सांगितलं तेव्हा महिना झालेला. महिन्यानं बोललेलं कुणाला खरं वाटत नाय. मला सुद्धा वाटलं नसतं. त्याच दिवशी कुठंतरी दोन ओळी लिहिलेल्या असत्या, तर...” तो खाली बसला.

ठराव तूर्त तहकूब झाला. पुन्हा तो कधी कमिटीपुढं आला नाही.

अड्ड्यावर काळुरामशी कुणी भांडलं नाही. फक्त त्याच्या टांग्याची जागा हळूहळू शेवटाला, कचऱ्याच्या ढिगापाशी गेली, आणि सवाऱ्या आधी इतरांकडे जाऊ लागल्या. सखुबाई एकदाच बोलली. “गप्प बसला असतात तर काय झालं असतं? दौलत तसाही सुटणार नव्हता.” काळुराम म्हणाला, “हो.”

चैत्रात एका सकाळी बाजारात गर्दी होती. घोडी बिचकली, आणि चेंदणीच्या एका कोळणीच्या कोपराला टांग्याच्या चाकावरची फळी घासली. पाटी हलली, चार बोंबील खाली पडले. बाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काळुरामनं खाली उतरून बोंबील वेचून दिले, कोपर पाहिलं, नाव विचारलं.

“कलावती. आनि काय करतंस नावाचा? जा आता, माजा बाजार चाललाय!”

“चौकीवर ये, बाई. थोडा वेळ.”

“याला येड लागलाय,” ती हसत म्हणाली आणि गर्दीत निघून गेली.

काळुराम एकटाच चौकीवर गेला. तानाजी हवालदारानं त्याला दारात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्या महिन्यातली ही तिसरी खेप होती.

“काळुराम, तुला किती वेळा सांगितलं? असल्याची वही नाही. लिहू कुठं?”

काळुरामनं टोपी काढून हातात घेतली.

“लिहू नका, साहेब,” तो म्हणाला. “नुसतं ऐकून ठेवा.”

हवालदार रस्त्याकडे बघत राहिला. काळुरामनं वार सांगितला, वेळ सांगितली, बाईचं नाव आणि गाव सांगितलं. उजवं कोपर, रक्त नाही, बोटं हलतात. मग डोकं कुठं आपटलं नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं, आणि हवालदार ‘जा’ म्हणेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.