दोन किलोमीटरवर आडवी झालेली रेघ

अकरावीच्या पोरांना गणितातलं फल, म्हणजे फंक्शन, काय असतं ते विचारा, व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतील. आलेख समोर ठेवला, की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. संत तुकाराम नगरातल्या कॉलेजात बारा वर्षं हेच बघून साधना मॅडमचं डोकं उठलं होतं. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं.

"वेळेनुसार बदलणारी घरातली एक गोष्ट निवडा. तीन दिवस तासातासाला नोंदवा. आधी तक्ता, मग आलेख. आणि तो वाचता आला पाहिजे," त्यांनी बजावलं.

कुणी टाकीतलं पाणी मोजलं, कुणी मोबाइलची बॅटरी. दिव्याने वडिलांचं घरापासूनचं अंतर घेतलं. वडील ज्योतीराम लातूरहून आल्यापासून चाकणच्या एका कंपनीत, कायम पहिल्या शिफ्टला. त्यांचं लोकेशन तिच्या मोबाइलवर दिसायचं.

वही बघून मॅडमचा पारा चढला. चाकण वीस किलोमीटर, आणि हिची रेघ दोनवर जाऊन आडवी! आकडे घरबसल्या ठोकून दिलेत, दुसरं काय. हुशार मुलीने असं करावं, याचाच त्यांना जास्त राग आला.

"कुठून आणलेस हे आकडे?"

"खरे आहेत, मॅडम. तिन्ही दिवस तेच आले. मोबाइल बिघडला असेल."

"का चाकणच उचलून इथे जवळ नाशिक फाट्यावर आणलं?"

वर्ग खो खो हसला. मॅडमचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी तो आलेख फळ्यावर काढला आणि चूक पोरांनीच शोधावी म्हणून रविराजला उभं केलं. हा वर्षभर मागच्या बाकावर झोपा काढणारा. आज मात्र फळ्याकडे नीट बघत राहिला.

"सहाला निघाले. सातला दोन किलोमीटरवर. मग आडवी रेघ, म्हणजे दुपारपर्यंत तिथंच बसून. चारला घरी." तो फळ्याकडून मॅडमकडे वळला. "आलेख बरोबरे, मॅडम. काका कंपनीत जातच नाहीत."

"शाब्बास!" मॅडमच्या तोंडून निघून गेलं. वर्षात पहिल्यांदा कुणीतरी आलेख वाचला होता.

मग त्यांचं दिव्याकडे लक्ष गेलं. ती फळ्यावरच्या रेघेकडे एकटक बघत होती. वर्गात आता कुणी हसत नव्हतं. मॅडमनी घाईघाईने फळा पुसला. आपल्या जिभेला काही हाड आहे की नाही, असं त्यांना झालं. पण आता त्याचा काय उपयोग?

दोन दिवसांनी दिव्या स्टाफरूममध्ये आली. नवा तक्ता, नवा आलेख. रेघ वीसपर्यंत चढलेली, आठ तास आडवी, मग खाली. प्रमाण अचूक.

"आधीचा चुकला होता, मॅडम."

"हे आकडे कुठले?" त्यांनी हळूच विचारलं.

"पप्पांनी सांगितले, तसे लिहिले."

"आणि मोबाइलवर?"

"त्यांनी लोकेशन बंद केलंय." तिने वही पुढे सरकवली. "हा बरोबर आहे ना?"

मॅडमनी दहापैकी दहा दिले. दुसरं काही लिहायची त्यांची छाती झाली नाही.