सावलीचं ताट

किटली मीच विकत घेतली होती, त्यामुळे दोष द्यायचा तर मलाच. विजेवरची, साधी दिसणारी. पण आईने तिचं बटण दाबून गरम पाणी काढलं की इकडे तोक्योत माझ्या फोनवर निरोप यायचा : ‘पाणी काढलं.’ बस, एवढंच. आईबाबा तिकडे आकिताच्या डोंगरात, मी इकडे कपडे उसवून-शिवून देण्याच्या माझ्या दुकानात. बाबांची फुप्फुसं निकामी होत चाललेली, आईचं हृदय दुबळं. सकाळी पाच-चाळीसला फोन वाजला की मी समजायचे, आज दोघं आहेत.

महामारीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, जुलैमध्ये, बाबांना धाप लागून इस्पितळात ठेवलं. भेटायला कोणालाच परवानगी नाही. आई घरात एकटी. आणि तेव्हापासून संध्याकाळी सातलाही निरोप येऊ लागला.

“हा संध्याकाळचा चहा कधीपासून?” मी फोनवर तिला झापलं. “डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय ना?”

“मी कुठे पितेय? तुझ्या ताटाला लागतो.”

दूर गेलेल्या माणसासाठी घरी ताट वाढून ठेवायची आमच्याकडे जुनी रीत आहे. सावलीचं ताट म्हणतात त्याला. आजी लढाईवर गेलेल्या आजोबांसाठी मांडायची. भाताच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं आणि थोड्या वेळाने उचलून बघायचं. आत थेंब जमले असतील तर माणूस सुखरूप आहे. कोरडं निघालं तर काय, ते आजी कधी बोलायची नाही.

“मी चोपन्न वर्षांची बाई आहे, आई. मला काय लढाईवर धाडलंयस?”

“तोक्योचे आकडे सांगतात ना रोज बातम्यांत. त्यापेक्षा लढाई परवडली.”

“आणि गरम भातावर झाकण ठेवलं तर थेंब येणारच. शाळेतलं पोरही सांगेल.”

“मग तू त्या पोराला विचारत बस. माझं मला बघू दे.”

“बाबांसाठी नाही मांडत?”

“त्यांना नर्स वाढतात. तुला कोण वाढतंय?”

गिऱ्हाईक आलंय असं सांगून मी फोन ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं. त्या महिन्यात कोणी कपडे शिवायला टाकतच नव्हतं.

मी सरळ उठून गावी का गेले नाही, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. सांगणं सोपं असतं. बाबा तेवीस ऑगस्टला घरी यायचे होते. त्यांचं अंग पुसणं, प्राणवायूचं यंत्र बघणं, सगळं नारिताबाई करायच्या. गावातल्या सेवाकेंद्राच्या बाई. आणि केंद्राचा नियम असा, की तोक्योचं माणूस घरात शिरलं की चौदा दिवस केंद्राच्या माणसांनी त्या घरी पाऊल टाकायचं नाही. मी गेले असते तर मदत तोडायलाच गेले असते. म्हणून मी इथे बसून फोन करायचे, औषधं मागवायचे, इस्पितळाशी भांडायचे. भांडणं मला जमतं.

दहा ऑगस्टला आईचा फोन आला.

“आज झाकण कोरडं निघालं.”

“भात गार झाला असेल.”

“वाफ निघत होती. तुला काय होतंय?”

“काही नाही गं.”

सकाळपासून घसा खवखवत होता. दुसऱ्या दिवशी ताप भरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणीत नको ते निघालं. खाटा शिल्लक नव्हत्या. घरीच राहा, दम लागला तर कळवा, असं मला सांगण्यात आलं. आईला मी यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

बारा तारखेला संध्याकाळी मी तिला फोन केला. ती वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घेत होती.

“उद्यापासून ओबोन ना, पितर घरी यायचे दिवस,” ती म्हणाली. “पितरांचे कंदील माळ्यावरून काढले. म्हणून दम लागलाय.”

“तू माळ्यावर चढलीस? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी येते.”

“अंगात एवढा ताप घेऊन?”

मी म्हणाले, “कुठला ताप?”

“तीन दिवस झाकण कोरडं आहे, मित्सुए. मला शहाणपण शिकवू नकोस. निजून राहा. यंदा पितर आले तरी पुरे. त्यांना कोणी विचारत नाही, तोक्योहून आलात का म्हणून.”

“हे बघ आई, ज्या दिवशी किटलीचा निरोप चुकेल, त्या दिवशी मी निघेन. रांगत येईन, पण येईन.”

“मग नाही चुकणार,” ती म्हणाली. “जा, झोप आता.”

तेरा तारखेपासून तिने फोन उचलला नाही. पण पाच-चाळीसला निरोप आला. सातला आला. चौदालाही तसंच. मला वाटलं, रुसली असेल; आमच्या घरात रुसणं ही काही नवलाची गोष्ट नाही. ताप चाळीसला टेकत होता. मी फोन उशीखाली ठेवून पडून राहायचे आणि तो थरथरला की मलाच घोटभर पाणी मिळाल्यासारखं वाटायचं.

सोळा तारखेच्या सकाळी माझ्या मनाने घेतलं, की काहीतरी बिनसलंय. निरोप वेळेवर आला होता, तरीही. भिंत धरत मी पिशवी भरली, दारापाशी बसून बूट चढवले. तेवढ्यात फोन वाजला. ‘पाणी काढलं.’ सकाळचे सव्वानऊ. या वेळी ती कधीच पाणी काढायची नाही. मी दाराची कडी काढली. पुन्हा वाजला. मग पुन्हा. पुन्हा. एक निरोप वाचून होण्याआधी दुसरा. एवढ्या पाण्याने ती किटली तीनदा रिकामी झाली असती.

“आई, पुरे!” मी रिकाम्या खोलीत ओरडले.

मी बूट काढले. फोन गप्प झाला.

तापात माणसाला काहीबाही दिसतं, असं मी स्वतःला समजावलं. पण ते सगळे निरोप आजही फोनमध्ये आहेत. एकोणीस आहेत.

एकवीस तारखेला पहाटे ताप उतरला आणि मला चक्क भूक लागली. त्या संध्याकाळी सातला निरोप आला नाही. सात-वीसला मी नारिताबाईंना फोन केला. त्या लगेच गेल्या. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला.

“मित्सुएसान... तुमच्याकडून कोणी आलं होतं का इथे?”

“नाही. का?”

“आई गेल्या. देवघरासमोर, कंदिलापाशी. बरेच दिवस झालेत हो. पण शेजारी म्हणतात, स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी दिवा दिसायचा. आणि ताट मांडलेलं आहे. भात... भात आजचा आहे.”

डॉक्टरांनी दाखल्यावर मृत्यूची तारीख घातली तेरा ऑगस्ट, सकाळ. किटलीची वायर गुंडाळून तिला रबर लावलेलं होतं, नारिताबाईंनी सांगितलं. किटली आतून कोरडी ठणठणीत होती. आईला अग्नी दिला तो मी फोनवर पाहिला.

सप्टेंबरात मला घराबाहेर पडायची परवानगी मिळाली आणि मी गावी पोचले. बाबांचं घरी येणं पुढे ढकललं होतं. आधी मी चौदा दिवस त्या घरात एकटीने काढायचे, मग ते येणार आणि नारिताबाईही येणार, असं ठरलं. पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात शेतकरी संघाचं कॅलेंडर दिसलं, शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल. रोजच्या चौकटीत आईची खूण. झाकण ओलं असेल तर गोल, कोरडं असेल तर फुली. तिचा गोल खालून सुरू व्हायचा आणि कधीच पुरता मिटायचा नाही.

जुलैभर गोल. दहा ऑगस्टला फुली. अकराला, बाराला. तेराला फुली. चौदाला फुली. वीस तारखेपर्यंत एकही दिवस सुटलेला नव्हता. आणि एकवीसला गोल, खालून सुरू केलेला, न मिटलेला. त्यापुढच्या चौकटी कोऱ्या.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या आईची मेल्यावरही नऊ दिवस गेली नाही.

मला तिचा संताप आला. मला फसवलंस, म्हणून मी त्या कॅलेंडरशी भांडले. तेराला निरोप चुकला असता तर मी तशीच निघाले असते, आणि वाटेतच कुठेतरी संपले असते, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. मग मी जमिनीवर बसून रडले, अगदी हमसून हमसून.

तोंड धुऊन मी तांदूळ धुतले. बाबा अजून दूर होते. भात झाल्यावर वाडग्यात वाढला आणि झाकण ठेवलं. किटलीची वायर सोडून जोडली, पाणी उकळू दिलं आणि ताटातल्या चहासाठी बटण दाबलं.

खिशातला फोन थरथरला. ‘पाणी काढलं.’

मी झाकण उचललं. आतून ओलं होतं. पेन्सिल घेऊन मी आजच्या चौकटीत गोल काढला. काढून झाल्यावर लक्षात आलं, मीही तो खालून सुरू केला होता.