पावशेरचं पथ्य

दुकानात येणारे सगळे त्याला पावशेर म्हणायचे. पाव विकणारा, शंभर किलोंच्या वर गेलेला बेकर. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. "पूर्ण शेर असतो, तर दारातून आत कसा आलो असतो?" असं विचारून तो स्वतःच आधी हसायचा. त्याची बायको केकवर क्रीमची फुलं काढायची. गल्लीतली मुलं तिला केकबाई म्हणत.

चाळिशी ओलांडली आणि केकबाईचे हात बिघडले. सकाळी उठल्यावर बोटं वळायचीच नाहीत. तिच्या ब्लाउजचे हूक पावशेर लावून द्यायचा. क्रीमची पिशवी दाबताना मनगटातून अशी कळ जायची, की गुलाबाची पाकळी वाकडी व्हायची. मग तो गुलाब सुरीने खरवडून ती पुन्हा काढायला घ्यायची.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या पाहिल्या आणि समजावलं. शरीराची राखण करणारी ताकदच घरच्यांवर उलटली होती, सांध्यांना परकं समजून सुजवत होती. "गोळ्या सोडायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "खाण्याने हा आजार जात नाही, पण दुखणं कमी व्हायला मदत होते. साखर-मैदा कमी करा, भाज्या, डाळी, मासे वाढवा. रोज चाला. आणि झोप पुरेशी हवी."

"बेकरीवाल्याच्या बायकोला मैदा बंद!" बाहेर आल्यावर पावशेर हसत म्हणाला. मग पायरीवरच थांबला. "तू एकटीनेच कशाला पालापाचोळा खायचा? मीही खातो."

"तुम्हाला जमायचं नाही."

"बघशील."

त्याने घरात पाव आणणं बंद केलं. पहाटे भट्टी पेटवायला तो एकटाच जाऊ लागला, तिची झोप मोडू नये म्हणून. संध्याकाळी दोघं नदीपर्यंत चालत जायची. पहिले काही आठवडे कशाचाच उपयोग दिसेना. एकदा उकडलेल्या भोपळ्याची थाळी बघून केकबाईला रडू फुटलं.

"अगं, भोपळ्याशी माझी जुनी ओळख आहे," तो म्हणाला. "गणिताच्या प्रत्येक परीक्षेत भेटायचा." ती रडता रडता हसली आणि जेवली.

हळूहळू फरक पडला. एका सकाळी तिने आपले हूक आपणच लावले आणि त्याला दाखवायला तशीच भट्टीपाशी धावत गेली. पावशेरने मैद्याच्या हातांनी तिचे दोन्ही हात धरले. बराच वेळ सोडलेच नाहीत.

तोही बारीक झाला होता. "पावशेरचा छटाक झाला की हो!" गिऱ्हाइकं म्हणायची. नणंद भेटायला आली, तर म्हणाली, "दादा, नवरदेव दिसतोयस अगदी." केकबाईने त्याच्या सगळ्या पँटा कमरेत आत घेतल्या, स्वतः, सुईने. सुई धरता येते याचंच तिला कोण कौतुक! तो अर्धी थाळी तिच्याकडे सरकवून म्हणायचा, "तुझ्या पथ्याने भूकच मेली बघ." तिला वाटायचं, बरंच आहे, त्यांच्या गुडघ्यांवरचा भार हलका होतोय.

मग एका दुपारी मैद्याचं पोतं उचलताना तो मटकन खाली बसला. उजेडात त्याचे डोळे पिवळे दिसले.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"आम्ही दोघं पथ्य करतो ना," केकबाई म्हणाली. आणि तिची नजर तिनेच आत घेतलेल्या त्याच्या पँटच्या कमरेवर गेली.

गाठ स्वादुपिंडात होती आणि तिथून पसरलीही होती.

"मीच तुम्हाला उपाशी मारलं," ती त्याच्या खाटेपाशी बसून म्हणाली.

"वेडी आहेस का? भूक माझी आपोआपच गेली होती. पोटही दुखायचं. तुझं पथ्य आयतंच सापडलं. का जेवत नाही, असं कुणी विचारायचं नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझी बोटं नुकती वळायला लागली होती." तो छताकडे बघत होता. "म्हटलं, तुझं जरा मार्गी लागू दे. नंतर बघू माझं."

तिला इतका संताप आला, की ती उठून बाहेर गेली आणि बाकावर बसून राहिली. थोड्या वेळाने परत आली, कारण त्याला कुशीवर वळवायची वेळ झाली होती.

शेवटचे दिवस तिने त्याला घरीच ठेवलं. अंग पुसलं, दाढी केली, चमच्याने पाणी पाजलं. तिचे हात उत्तम चालत होते. याचाच तिला राग यायचा.

तो गेल्यावर तिने गोळ्या बंद केल्या. मिळेल ते खाल्लं, नाहीतर काहीच नाही. बोटं पुन्हा सुजली, दाराची कडीही निघेना. नणंद राहायला आली.

"वहिनी, गोळी घे."

"बरी होऊन काय करू?"

नणंद गोळी आणि पाण्याचा पेला हातात धरून तशीच उभी राहिली, हात भरून येईपर्यंत. शेवटी केकबाईने तिच्या हाताकडे बघून गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली.

आता दुखणं पुष्कळ कमी आहे. भट्टी दुसऱ्या बेकरने घेतली. फुलं अजून केकबाईच काढते. कुणी आपले सुजलेले हात दाखवून विचारलं, तर काय खायचं, किती चालायचं, गोळ्या का सोडायच्या नाहीत, सगळं ती नीट सांगते. पावशेरचं सांगत नाही. फक्त जाता जाता विचारते, "घरी तुमच्याबरोबर कोण जेवतं?" आणि उत्तर संपेपर्यंत हातातलं काम बाजूला ठेवते.