बिनहाळीचा खडा

"पप्पा, तुम्ही आजवर किती पक्षी मारलेत?"

हा प्रश्न माझा नव्हता, माझ्या वर्गातल्या क्लेमेंटीनचा होता. नववीत मी निसर्ग मंडळाची सेक्रेटरी झाले तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही असं वर्गातल्या सगळ्या म्हणतात, आणि ते खरंच आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही कच्छच्या छोट्या रणात क्रौंच बघायला जाणार, हे मी इतक्या वेळा सांगितलं की क्लेमेंटीन वैतागली. "तुझे पप्पा मूळचे जूचंद्रचे ना? गोफणवाले? मग आधी त्यांनाच विचार, किती मारले. तुझी हिंमतच नाही."

हिंमत नाही म्हणे. रणातल्या पहिल्याच सकाळी, चालत्या जीपमध्ये, मी विचारलं.

पप्पांनी डोळ्यांवरची दुर्बीण खाली केली. "मोजायला मी काय तलाठी होतो? भातावर थवा बसला की गोफन फिरवायची. पानकोंबडी पडली तर त्या दिवशी कालवन."

"लग्नानंतर पहिल्या वर्षी मी काय काय खाल्लं असेल, देव जाणे," मम्मी म्हणाली. "आणि आता तेच पक्षी बघायला पैसे भरून आलोय."

पप्पा हसले. मीही हसले. मला वाटलं, झालं, पैज जिंकली.

रण म्हणजे वाळू असेल अशी माझी कल्पना होती. इथे नुसता भेगाळलेला चिखल, तोही आभाळाला टेकेपर्यंत, आणि मधेच मिठागरं. आमच्या नायगावच्या मिठागरातलं मीठ बारीक असतं. इथलं लिंबाएवढ्या खड्यांचं, काचेसारखं. जीपवाल्या काकांनी अशाच एका मिठाच्या ढिगाआड गाडी थांबवली. पलीकडे उथळ पाणी होतं आणि तिथे क्रौंच उतरतात, असं ते म्हणाले.

क्रौंच होते. पण जाळ्यात.

वीसेक असतील. राखाडी, काळ्या मानेचे, डोळ्यामागे पांढरा तुरा. तीन माणसं होती. दोघांच्या हातात दांडकी, तिसरा पोती धरून. दांडकं मानेवर पडायचं, पंख एकदा उघडायचे आणि तसेच राहायचे. एकाने पक्षी पायाखाली दाबून त्याचे दोन्ही पंख उलटे मोडले, ओली काटकी मोडावी तसे, आणि तो जिवंतच पोत्यात कोंबला. पक्षी ओरडत होते आणि ती माणसं गप्पा मारत होती. मला त्यांच्या गप्पाच जास्त भयानक वाटल्या.

"मागे फिरू," काका हिंदीत कुजबुजले. "चौकीवर सांगू. यांच्याकडे बंदूक असते."

पप्पांनी ऐकलंच नाही. त्यांनी मम्मीच्या गळ्यातली ओढणी ओढून घेतली, दुमडली, ढिगातला एक खडा त्यात बसवला आणि ढिगावर चढले. मीही चढून त्यांच्या कोपराला चिकटून उभी राहिले. खरं सांगते, मला तेव्हा पप्पांचा प्रचंड अभिमान वाटत होता.

"हुयाऽऽ"

जूचंद्रला गोफण सोडण्याआधी ही हाळी देतात. ती ऐकली की भातातला प्रत्येक माणूस जागच्या जागी वाकतो, अगदी घरी आलेला पाहुणासुद्धा. दगड सगळ्यांच्या डोक्यांवरून जातो. पप्पांचा नेम त्या पोतेवाल्याच्या बराच वर होता, त्याला घाबरवायला. पण रणातल्या माणसाला आमची हाळी काय माहीत? तो उकिडवा बसला होता. कोण ओरडलं ते बघायला तो ताडकन उभा राहिला.

खडा तोंडावर बसला. शहाळ्यावर कोयता पडावा तसा आवाज आला. त्याने ओंजळीत दात थुंकले, मग तोंडावर पाणी मारलं. ते पाणी म्हणजे निव्वळ मीठ. त्यानंतर तो जे किंचाळला ते क्रौंचांपेक्षा मोठं होतं.

दांडकेवाल्यांपैकी एक मोटारसायकलवर बसून पळाला. दुसरा दांडकं टाकून पाण्यातून धावत सुटला, आमच्याकडे पाठ करून. पप्पांनी दुसरा खडा बसवला. मी हाळीची वाट बघितली. ओढणी एकदा फिरली, दोनदा फिरली.

हाळी आलीच नाही.

खडा त्याच्या कानामागे लागला. तो घोटाभर पाण्यात पालथा पडला आणि तसाच राहिला. पप्पा ढिगावरून बघत होते, पडला की नाही एवढंच बघावं तसे.

मम्मी धावली. तिच्यामागे मी. दोघींनी मिळून त्याला उताणा केला. नाकातोंडातून पाणी आलं, कानातून रक्त. मम्मीने त्याला थोबाडीत मारून मारून श्वास घ्यायला लावला. मग मी जाळं फाडायला गेले. पंख मोडलेल्या एका क्रौंचाने माझ्या तळहातात चोच खुपसली, आरपार जाईल अशी. पप्पा आले, त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि एका पिळात मान मोडली. "सुटला," म्हणाले. नऊच पक्षी उडाले.

काकांनी चौकीवर कळवलं होतं, म्हणून संध्याकाळी आमच्या गेस्टहाउसवर जंगल खात्याचे साहेब आले. त्यांनी पप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांनीच सांगितलं, एकाचे पाच दात गेले होते. पळणारा इस्पितळात होता, अजून शुद्धीवर नव्हता.

"मी दोन्ही वेळा आवाज दिला, साहेब," पप्पा म्हणाले. "आमच्याकडे पद्धतच आहे तशी. मुलगी शेजारीच उभी होती, विचारा तिला."

"उद्या दहा वाजता बेटीचा जबाब घेऊ," साहेब म्हणाले आणि गेले.

दार लागलं.

"तुम्ही दुसऱ्यांदा हाळी दिली नाही," मी म्हटलं.

"दिली. तुला ऐकू आली नसंल."

"मी तुमच्या कोपराला चिकटून होते."

"आनि त्यांनी पक्ष्यांना काय केलं, ते नाय दिसलं तुला?"

"दिसलं. तेही सांगणार आहे."

मम्मी पलंगाच्या कडेवर बसली होती. तिच्या नखांत अजून त्या माणसाचं रक्त होतं. "अगं पूर्वी, पप्पांची सरकारी नोकरी आहे. तो माणूस मेला तर काय होईल, कळतंय का तुला? एक शब्द तर आहे. दिली म्हणालीस तर कुणाचं काय बिघडतंय?"

"त्याचं बिघडतंय. तो पळत होता, मम्मी. हाळी नसताना तो वाकणार कसा?"

"हाळी दिली असती तरी वाकला नसता," पप्पा ओरडले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं होतं.

मम्मीने त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे.

तळहात ठणकत होता. मी तरीही खुर्ची ओढली आणि दोघांच्या समोर बसले.

"उद्या दहा वाजता मी जाणार आहे. त्यांनी पक्षी कसे मारले ते सगळं सांगणार. पहिल्या खड्याला हाळी होती आणि दुसऱ्याला नव्हती, हेही सांगणार. पप्पा, तुम्ही माझ्यासोबत आलात तर बरं होईल. नाही आलात तर मी काकांच्या जीपने जाईन."