तिकडचं दूध

दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या मशीनवर शमशुद्दीनची बावीस वर्षं गेली होती. पिशवीचं सील कच्चं पडतंय हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. म्हणून कागलजवळच्या त्या खासगी डेअरीनं श्रीलंकेतल्या एका कंपनीला दोन जुनी मशीनं विकली, तेव्हा ती बसवून द्यायला त्यालाच धाडलं. गडमुडशिंगीतल्या त्यांच्या गल्लीतनं विमानात बसणारा तो पहिलाच.

तीन महिने तो तिथल्या कुरुनेगल शहरात राहिला. मशीनं झकास चालली, पण पिशव्या दुकानातच नासल्या. तिथं घरोघरी पावडरीचं दूध. म्हशीचं दूध निघालंच तर ते मडक्यात दही लावायला. वीज जायची ती तासन्‌तास यायची नाही. मग पिशवी ठेवायची कुठं? पावडर नको असलेला माणूस खोक्यातलं दूध घ्यायचा, फ्रिजाबाहेर सहा महिने टिकणारं.

परत आल्यावर मालकांचा मुलगा धैर्यशील म्हणाला, "मामा, काय काय बघितलं ते सगळं लिहून द्या."

बावीस वर्षांत कारखान्यात त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं, विचारलं कुणीच नव्हतं. रविवारभर लेकीला, जोयाला, शेजारी बसवून त्यानं चार पानं टाइप करून घेतली. एक शब्द खोटा लिहिला नाही.

दिवाळीनंतर कारखान्यात सभा झाली. शमशुद्दीनला शाल-नारळ दिला, टाळ्या झाल्या. मग धैर्यशीलनं तीच चार पानं पडद्यावर दाखवली आणि जाहीर केलं की पिशव्यांचा विभाग बंद होतोय. खोक्यांचं नवं मशीन येणार, माल बाहेरच्या देशात जाणार. तिकडं म्हशीचं दूध चालत नाही, तेव्हा गडमुडशिंगीतलं म्हशीच्या दुधाचं संकलन पुढच्या महिन्यापासून थांबवायचं. पिशव्यांवरची अकरा माणसं घरी बसली. शमशुद्दीनला नव्या मशीनवर बढती मिळाली. तो खाली मान घालून बसला होता. शाल अजून खांद्यावरच होती.

तो घरी पोचायच्या आधी बातमी गावात पोचली. शेजारची अक्काताई मगदूम दारातच उभी होती. तिच्या चार म्हशींचं दूध रोज त्याच डेअरीला जायचं.

"शमशू, म्हशीचं दूध कोन पीत न्हाय, असं लिवलंस व्हय रे?"

"आक्का, ते तिकडचं लिवलं मी."

"मग हिकडं कशापायी बंद झालं?"

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच धैर्यशीलच्या केबिनीत गेला.

"साहेब, कोल्हापुरात मानूस उठल्या उठल्या पिशवीची वाट बघतंय. जाड साय धरणारं दूध लागतंय आमाला. ते बी लिवून देतो की."

"अहवालात तसं काही नव्हतं, मामा."

"तुमी इचारलं न्हाईसा."

धैर्यशील मोबाइलमधून वर न बघताच म्हणाला, "सोमवारी नव्या मशीनचा माणूस शिकवायला येतोय. वेळेवर या."

नोकरी सोडावी असं त्याच्या मनात आलं. त्यानं बायकोला, शमशादला, तसं सांगितलंही.

"जोयाचं शेवटचं वर्ष हाय," ती एवढंच बोलली.

सोमवारी तो वेळेवर गेला.

अक्काताईनं दोन म्हशी बाजारात नेऊन विकल्या. उरलेल्या दोन्हींतली एक श्रावणात व्याली. शमशुद्दीनची अम्मी होती तेव्हापासून पहिल्या चिकाचा खरवस आधी त्यांच्या घरी यायचा, मग बाकी गल्लीत. यंदा अक्काताईची सून दारोदार वाट्या देत फिरली. त्यांचं दार आलं तशी पदर सावरून पुढं गेली.

"विसरली असंल," शमशाद म्हणाली.

"विसरली न्हाय," शमशुद्दीन म्हणाला, आणि उठून त्यानं दार लोटून घेतलं.