कोपऱ्यातलं हिरवं

"तुमी खोटं बोलून राहिले, साहेब."

हरिदास खोब्रागडेनं हे उभ्याउभ्याच सुनावलं, कारण बसा म्हणायची तसदी कुणी घेतली नव्हती. टेबलामागं तिघे. मध्ये पर्यटन मंडळाचे मोठे साहेब, दोन्ही बाजूंना त्यांच्या मानेबरोबर मान हलवणारे दोघे. भिंतीपाशी सत्यभामा उभी होती. मंडळाच्या प्राणिबागेत अकरा वर्षं रोजीवर अस्वलाचा पिंजरा सांभाळणारी बाई. छातीशी कापडी पिशवी धरून ती जमिनीकडे बघत होती. टेबलावर हरिदासनंच काढलेला अस्वलाचा फोटो पडला होता, आणि त्याच फोटोच्या जोरावर आज तिला काढून टाकायचं ठरलं होतं.

"ज़बान सँभालो," साहेब म्हणाले.

साहेब मूळचे नागपूरचे. काम काढून घ्यायचं असलं की मराठी, माणूस झटकायचा असला की हिंदी. मार्चमध्ये ते फार गोड मराठी बोलले होते.

हिंदी मुलखातलं हे राज्य नवं, राजधानी नवी. बाहेरून बडे पाहुणे येणार म्हणून विमानतळाच्या रस्त्यावर बोर्ड लागणार होते. भनपुरीच्या पलीकडे, ट्रकांच्या धुळीत असलेल्या त्या लहानशा बागेतली मंगली त्यातल्या एका बोर्डावर झळकणार होती. मंगली म्हणजे बागेतलं एकुलतं एक अस्वल. साहेबांनी हरिदासच्या खांद्यावर हात ठेवला. "खोब्रागडे, तुम्ही आपले माणूस. लोकांना जंगल दिसलं पाहिजे. जाळी दिसता कामा नये."

जाळी घालवणं हरिदासला भाकर मोडण्याइतकं सोपं. लांब पल्ल्याची लेन्स घ्यायची, जाळीला जवळजवळ टेकवायची, अपर्चर पुरतं उघडायचं. टू पॉइंट एट. आकडा लहान, भोक मोठं. जनावर जाळीपासून लांब गेलं की त्याच्या डोळ्यांवर फोकस धरायचा. अलीकडची तार विरघळून जाते, कधी नव्हतीच अशी. तारेवर ऊन पडलं असेल तर मात्र ती फोटोवर पांढरट पडदा धरते, म्हणून सावलीची जागा शोधायची. आणि अस्वल काळं, त्याला पाहून कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं, काळ्याचं राखाडी करतं. तिथं उजेड एक घर कमी करायचा.

सावलीची जागा एकच निघाली, पाण्याच्या टाक्याशेजारी. तिथं जाळी फाटलेली होती. दोन तारा तुटून आत वळलेल्या आणि त्यांच्या टोकांना हिरव्या लुगड्याची चिंधी गच्च गुंडाळलेली.

"बाई, हे काढा ना. लेन्सले आडवं येऊन राहिलं."

"नाई भाऊ, थे नका सोडू," सत्यभामा धावतच आली. "मंगली पानी प्यायले येते न, तिचं नाक लागते तारेले. मीच बांधलं. दोनदा अर्ज देल्ला. सारे हव हव म्हन्ते, करत कोनी नाही."

"अस्वलाले लुगडं नेसवता का?"

"माह्या नवऱ्याले हा रंग कधी आवडला नाही. तिले चालते."

दोघंही हसले. चिंधी जागेवर राहिली.

हरिदासची एक सवय होती. चौबे कॉलनीतल्या ज्या स्टुडिओत तो पोरवयात घडला, तिथल्या मालकानं लावलेली. पहिला फोटो गिऱ्हाइकाचा नाही, जागेचा. दहा पावलं मागं जायचं, भोक बारीक करायचं, एफ अकरा, म्हणजे जवळचं-लांबचं सगळं स्वच्छ येतं. हा फोटो कुणाला द्यायचा नाही, पण टाकायचाही नाही. त्यानं तो काढला. मग पुढं येऊन, जाळी जिथं फाटली होती नेमकी तिथंच लेन्स लावली. तार आडवी यायला नको म्हणून. फाटलेली जाळी त्याच्या सोयीची होती, हे नंतर आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटे.

मंगलीनं मान वर केली. क्लिक.

साहेबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. "वा! आणि हे कोपऱ्यातलं हिरवं किती सुरेख आलंय. अगदी झाडीत बसल्यासारखं!"

हरिदासनं लेन्सला झाकण लावलं. गिऱ्हाईक खूश आहे, आपण कशाला तोंड उघडा.

बोर्ड लागले. मे महिन्याच्या उन्हात चिंधी कुजली. सत्यभामानं दुसरी बांधली, ती मंगलीनं ओढून काढली. तिसरी बांधेपर्यंत तार नाकात शिरली होती. जखमेवर माश्या बसल्या, अळ्या पडल्या. सत्यभामा रोज ऑफिसात जाऊन सांगत होती, डॉक्टर नवव्या दिवशी आला. अकराव्या दिवशी मंगली गेली. वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा कुठं मंडळाला जाग आली, आणि जाग आल्याबरोबर त्यांनी पहिलं काम केलं ते आपली मान सोडवायचं. अहवालात लिहिलं: मार्चमध्ये जाळी शाबूत होती, फोटोत तुटकी तार कुठंही दिसत नाही, पुरावा सोबत जोडला आहे. जाळी नंतर तुटली आणि रखवालदार बाईनं ती गोष्ट दडवली. अर्ज? असे कुठलेच अर्ज आलेले नाहीत.

सत्यभामा समता कॉलनीत त्याच्या स्टुडिओवर आली तेव्हा ती रडत नव्हती. चिडलेली होती.

"भाऊ, तुमी जाळी कुठं ठेवली?"

"म्हंजे?"

"तुमच्या फोटोत जाळीच नाही म्हन्ते साहेब. अकरा वरसं मी त्या जाळीच्या अल्याड उभी राहिली. या साली नोकरीत पक्की होनार होती. तुमी एका घडीत जाळी गायब केली, आता मलेबी करून राहिले. काहून?"

तिच्यासमोरच त्यानं मार्चची डिस्क लावली. पहिला फोटो होता. तुटक्या तारा, हिरवी गाठ, तळ दिसणारं टाकं, मंगलीचं धड नाक आणि फोटोच्या कडेला सत्यभामाचं कोपर. सगळं लख्ख.

आता तोच फोटो त्यानं साहेबांपुढं सरकवला होता.

साहेबांनी तो बोटानं परत ढकलला. "ये रिकॉर्ड में नहीं है. बाद में भी खींच सकते हो." मग आवाज खाली आणून मराठीत म्हणाले, "खोब्रागडे, दिवाळीच्या कॅलेंडरचं काम तुम्हालाच देणार होतो मी. का वाकड्यात शिरता?"

हरिदासनं आपला फोटो उचलून घेतला. साहेबांच्या बाजूचे दोघे सैलावले. एकानं चहाचा कप ओढला.

"बरं," हरिदास म्हणाला. "माहा फोटो राहू द्या. तुमचा रिकॉर्डचा घेऊ." त्यानं टेबलावरचा, मंडळाच्या शिक्क्याचा फोटो साहेबांकडे फिरवला आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं, फोटोच्या खालच्या अंगाला, हिरवा धूसर ढग पसरला होता. "हे काय आहे?"

"हरियाली है. पेड़-पौधे."

"त्या पिंजऱ्यात झाड नाही साहेब. गवताची काडी नाही. अकरा वर्षांत लावलं नाही तुमी."

भिंतीपाशी सळसळ झाली. सत्यभामा पुढं आली. पिशवीतून तिनं एक हिरवं लुगडं काढलं, धुऊन घडी घातलेलं, आणि टेबलावर उलगडलं. काठाच्या बाजूनं तीन पट्ट्या फाडलेल्या होत्या. दातांनी धरून फाडलेल्या, वेड्यावाकड्या. फाटलेली कड तिनं हातानं सारखी केली, सणाला घर सारवून झाल्यावर बाई उंबऱ्यावरून हात फिरवते तशी, आणि फोटोच्या कोपऱ्याला लावून ठेवली.

रंग तोच होता, तुटक्या तारांवरच्या चिंधीचा.

चहाचा कप तसाच हवेत राहिला. साहेबांनी फोटोकडे पाहिलं नाही, लुगड्याकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं.

"हिंदी में बात करो," ते म्हणाले. "मुझे समझ नहीं आ रहा."

"समजते, साहेब. मार्चमध्ये समजत होतं." हरिदासचं बोट कोपऱ्यावरून हललं नाही. "छान आलं म्हणाले होते तुमी. आता या बाईकडे पाहून सांगा. हे हिरवं काय आहे?"