भारोभार गूळ

दवाखान्यात दाखल व्हायच्या सकाळी मी बॅग भरत होते आणि माझी मुलगी संस्कृती पलंगावर बसून बघत होती. दोन गाऊन, टॉवेल, चार्जर, घरची वाटी-चमचा आणि सगळ्यात वर भाऊबीजेला दादाने दिलेली मोरपंखी साडी. ती म्हणाली, दवाखान्यात साडी कशाला, तिथं तर त्यांचेच कपडे घालावे लागतात. मी म्हटलं, घरी परत येताना नेसायला. किडनी भावाला द्यायची आणि भावाची साडी नेसून घरी यायचं, असा माझा थाट होता. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

इंद्रजीतदादा माझा एकुलता एक थोरला भाऊ. देवगाव रंगारीला शेती बघतो. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि तो डायलिसिससाठी शहरात खेपा घालायला लागला. बैलासारखा राबणारा माणूस, जिना चढताना कठड्याला धरून थांबायचा. मी इथं शेंद्र्याला राहते, कंपन्यांमधल्या पोरांना जेवणाचे डबे करून देते. डायलिसिस झालं की तो माझ्याकडे टेकायचा. बिनमिठाची भाजी मी त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवायची आणि तो ती न कुरकुरता खायचा. मीठ नाही म्हणून ताट ढकलणारा माझा दादा.

एक दिवस वहिनीचा फोन आला. माय, म्हणजे आमची आई भागूबाई, वयाने आणि शुगरने बाद. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. त्यांचा मुलगा ऋतुराज, चांगला तेवीस वर्षांचा गडी, त्याच्याही तपासण्या केल्या पण जमत नाही, असं वहिनी म्हणाली आणि रडायला लागली. ‘तुम्ही द्या’ असं ती एकदाही म्हणाली नाही. मीच म्हणाले, रडू नका, मी आहे ना.

माझे मिस्टर सुदर्शन फार बोलणारे नाहीत. त्यांनी एकच गोष्ट विचारली, की त्या पोराचे रिपोर्ट तू डोळ्यांनी पाहिलेस का. माझं डोकं फिरलं. माझ्या माहेरच्यांना तुम्ही खोटारडं समजता का, म्हणून मी घर डोक्यावर घेतलं, आणि नंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ऋतुराजच्या तपासण्या आधीच्या दवाखान्यात झालेल्या, आणि नंतर दादाला दुसरीकडे हलवलं, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मलाही ते विचारावंसं वाटलं नाही. माहेरच्या माणसांकडे पुरावा कोण मागतं.

मग माझ्या तपासण्या सुरू झाल्या. कॅनमध्ये दिवसभराची लघवी साठवायची, बाटल्या भरभरून रक्त द्यायचं, यंत्राच्या बोगद्यात श्वास रोखून पडून राहायचं. सगळं जुळलं. शेवटी एका समितीसमोर बसवलं, कॅमेरा चालू करून. कुणी जबरदस्ती केली का, पैसे दिले का, घरात दुसरं कुणी देण्यासारखं आहे का, असं सगळं विचारलं. मी मान ताठ करून सांगितलं, दुसरं कुणी नाही. माझ्या तोंडून ते खोटं त्यांनी कॅमेऱ्यात भरून घेतलं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

किडनीच्या डॉक्टरीणबाई मात्र मला एकटीला आत घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, अगदी टेबलावर झोपेपर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. तेव्हा फक्त मला येऊन सांगायचं. आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की शेवटच्या तपासणीत खोट निघाली. तुमच्यावर बोल येणार नाही. मला तेव्हा हसू आलं. म्हटलं, बाई, आमच्यात असलं नसतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सने औषधाच्या पाण्याने अंघोळ करायला लावली, मागून बांधायचा हिरवा गाऊन दिला, केसांच्या दोन वेण्या घातल्या. नखांचा रंग पुसला, जोडवी काढली. मंगळसूत्र मिस्टरांच्या खिशात गेलं. बांगड्या मात्र मी सगळ्या काढू दिल्या नाहीत. सवाष्णीने रिकाम्या हाताने झोपायचं नसतं असं मायने फोनवर बजावलं होतं, म्हणून प्रत्येक हातात एकेक काचेची ठेवली आणि नर्सने त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. रात्रीपासून तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. पोट रिकामं नसेल तर भूल देता येत नाही, चूळ भरलीत तरी गिळू नका, असं ती दोनदा सांगून गेली.

सुदर्शन खाली रक्तपेढीत गेले आणि तेवढ्यात माय आली. पहाटेच्या जीपने देवगावहून निघालेली, नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या तिने माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि कागदात बांधलेला गुळाचा खडा हातावर ठेवला. म्हणाली, म्हसोबाचा परसाद हाय. मी सांगितलं, माय, मला आज काही खायचं नाही. मग ऱ्हाऊ दे उशाला, शुद्धीवर आलीस की खा, असं म्हणून ती खुर्चीत टेकली.

नवस कसला होता ते मी सहज विचारलं. ती म्हणाली, काल फेडला, पोराच्या भारोभार गूळ वाटला.

आमच्याकडे नवस असाच बोलतात. ज्या माणसाची काळजी असते त्याला तराजूत बसवायचं, दुसऱ्या पारड्यात तेवढाच गूळ घालायचा आणि गावात वाटायचा. मी लहानपणी तापातून उठले तेव्हा मलाही बसवलं होतं. मला वाटलं, पोरगा म्हणजे दादा. काल तर दादा इथं दवाखान्यात माझ्या शेजारच्या खोलीत होता. मी म्हटलं, अगं पण दादाला तोललं कधी.

“दादाला न्हाई. ऋतुराजला तोललं,” माय म्हणाली.

मला काही उमजेना. आजारी दादा, कापाकापी माझी, आणि तराजूत ऋतुराज. शिवाय ऑपरेशन अजून व्हायचं होतं. नवस काम झाल्यावर फेडतात, आधी नाही. मी तसं म्हणाले. मायला माझं बोलणं विचित्र वाटलं. ती मला समजावून सांगायला लागली, लहान लेकराला सांगावं तसं.

“देवाचं राहिलेलं घेऊन दवाखान्याची पायरी चढू नाय. आन् त्याचं काम तर झालंच की. पोराचं समदं जुळलं म्हनून त्या डॉक्टरनं सांगितलं, तवा माझा जीवच उडाला. म्हसोबाला बोलले, माझ्या नातवाच्या अंगाला चाकू लागू देऊ नको, त्याच्या भारोभार गूळ वाटीन. मंग तू व्हय म्हनलीस.”

ती पिशवीची गाठ मारत होती. माझा चेहरा बघून तिचे हात थांबले.

“वहिनीनं तुला सांगितलं नाय व्हय?” तिने विचारलं.

तिला खरंच वाटत होतं की मला माहीत आहे. मग तिच्याकडून एकेक काढत गेले. ऋतुराजचं सगळं जुळलं होतं. त्याच वेळी कन्नड गावाकडच्या एका घरी त्याच्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं. शेतकऱ्याच्या पोराला आधीच मुलगी मिळत नाही, त्यात एका किडनीचा म्हटल्यावर कोण देणार, असं घरात बसून ठरलं. कोण कोण होतं, असं मी विचारलं. समदेच होते, ती म्हणाली. दादापण? दादापण. माझं लग्न होऊन गेलेलं, लेकरू झालेलं, म्हणजे माझ्या अंगाचं काही वाया जाणार नव्हतं.

“आणि माय, चाकू तर माझ्या अंगाला लागणार. माझ्यासाठी काय बोललीस म्हसोबाला?”

तिने पदर तोंडाला लावला. पदराआडून म्हणाली, “तू धड हायेस की गं.”

मला माझ्या मिस्टरांचा चेहरा आठवला, रिपोर्ट पाहिलेस का विचारतानाचा. ज्यांच्यासाठी मी माझ्या नवऱ्याशी भांडले, त्यांनी त्याच घरात, मी ज्या ओट्यावर वाढले तिथं बसून मला मोजलं होतं. फसवलं हे तर होतंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की मी आपणहून हो म्हणेन याची त्यांना पक्की खात्री होती. माझ्या मायेचाच त्यांनी हिशोब केला होता.

मी उठले. गुळाची पुडी मुठीत होती. गाऊन मागून उघडा पडत होता तो एका हाताने आवळून धरला आणि तशीच अनवाणी शेजारच्या खोलीत गेले. दादा तसाच हिरवा गाऊन घालून पलंगावर बसला होता. तोंडाला मास्क, हाताला सलाईन. वहिनी उशी नीट करत होती. ऋतुराज खिडकीशी मोबाईलमध्ये होता, मला बघून तो उभा राहिला. नवी हेअरस्टाईल होती, पाहुणे बघायला येणार म्हणून केलेली असणार.

मी दादाला विचारलं, ऋतुराजचं जुळलं होतं का. त्याने वहिनीकडे पाहिलं. उत्तर मिळालं मला तेवढ्यात. ऋतुराज बाहेर निघून गेला. तो काही लहान नव्हता, त्यालाही तोंड होतं, पण तराजूत बसताना त्याने ते उघडलं नव्हतं.

दादाने मास्क खाली ओढला. त्याचा चेहरा सुजलेला होता, पाणी साठून साठून डोळे बारीक झाले होते. मला त्याची दया येत होती, हे मी लपवत नाही. त्याच्यावर माझा जीव होता आणि आहे.

“तुला आधीच सांगितलं असतं, तर दिली असतीस का तू?” तो म्हणाला.

“व्हय,” मी म्हणाले. “दिली असती. नुसतं म्हनला असतास ना, करुणा, पोराला वाचवायचंय, तू दे, तर मी मिस्टरांच्या पाया पडून आले असते. तू मला विचारलंच नाहीस दादा. मला फसवून आनलंस.”

तो मान खाली घालून सलाईनच्या नळीकडे बघत राहिला. माफ कर म्हणाला असता तर मी काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही. कदाचित परत माझ्या पलंगावर जाऊन झोपले असते. पण तो बोलला नाही. बोलली वहिनी. माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी गोड आवाजात.

“ताई, आता समदी तयारी झालीये. घरी गेल्यावर बसून बोलू की.”

मी पुडी उघडली आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

वहिनीने माझं मनगट पकडलं, थुंका थुंका म्हणत. चिकटपट्टीखाली बांगडी पिचली. घसा इतका कोरडा होता की गूळ उतरेना, म्हणून मी टेबलावरचा वहिनीचा पाण्याचा तांब्या घेतला आणि तिथंच उभी राहून घटाघटा प्यायले. दादा बघत होता. त्याला कळलं, आता मला टेबलावर कुणी झोपवणार नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. मला एका बाजूला घेतलं, काय झालं ते विचारलं नाही. हळू आवाजात म्हणाल्या, नेहमीसारखं सांगू ना, तपासणीत खोट निघाली म्हणून. मी नको म्हटलं. माझ्यात खोट नाही. त्यांना सांगा की बाईंचं सगळं जुळतंय आणि बाई देत नाहीत. आणि हेही सांगा की यांच्या घरात अजून एकाचं जुळतंय.

खोलीत येऊन मी गाऊन सोडला आणि येताना घातलेले कपडे परत चढवले. सुदर्शन रक्तपेढीतून वर आले, माझ्याकडे बघितलं आणि खिशातून मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. मी सांगितलं होतं तुला, असं काही म्हणाले नाहीत. मग मात्र मला रडू आलं. मोरपंखी साडी मी बॅगेतून काढून पलंगाच्या मधोमध ठेवली.

माय अजून खुर्चीतच होती. पिशवी पोटाशी धरून. मी वाकून तिच्या पाया पडले, तर तिने माझा हात धरून ठेवला.

“करुणा,” ती म्हणाली, “नवस तर मी फेडला गं.”

“लई लवकर फेडलास, माय.”